पांढरभट्टीची आंधळी काच

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पांढरभट्टी नावाचे एक गाव आहे. तिथल्या विहिरींना पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. उन्हाळा तापला की जमिनीतला खार वर येतो आणि शेतांचे बांध, ओढ्याचे काठ, पायवाटा, सगळे पांढरेफटक पडते. गावाच्या उत्तरेला माळ आहे आणि माळाच्या मध्यावर एक खड्डा. त्याच्या कडा भाजून विटेसारख्या लाल झाल्या आहेत. कुठे कुठे त्यांच्यावरून हिरवट काळा थर ओघळून तसाच गोठला आहे. खड्ड्याच्या तळाशी एक पांढरी लादी पडलेली आहे, आडव्या झालेल्या माणसाएवढी, आणि छातीच्या जागी आरपार तडकलेली.

लांबून पाहणाऱ्याला ती संगमरवराची वाटते. खाली उतरून हात लावला की कळते, हा दगड नव्हे. ऊन तिच्यात बोटभर आत शिरते आणि तिथेच अडते. मोतीबिंदू पिकलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाहावे तसे तिच्यात पाहिले की वाटते. तिच्या वरच्या अंगाला खळगे पडले आहेत, उखळासारखे गुळगुळीत.

बाहेरगावचे लोक येतात आणि हात जोडतात. कोणी फूल ठेवायला जातो. तेव्हा माळाच्या कडेला राहणारे पुंजाजी आबा काठी टेकत येतात आणि म्हणतात, “हार नोका टाकू बाप्पा. देव नाही तो. दादा आहे.”

“कोणाचा दादा?” असे विचारले की आबा खड्ड्याच्या काठावर बसतात, पाहुण्यांनाही बसायला लावतात आणि सांगू लागतात. त्यांनी ते त्यांच्या आजाकडून ऐकले, आजाने त्याच्या आजाकडून.

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी या माळावर काचेच्या भट्ट्या होत्या, असे सांगतात. इथले मणी बैलांच्या पाठीवरून दूरदूरच्या पेठांत जात. चैत्र-वैशाखात बायकामाणसे झाडू घेऊन निघत आणि जमिनीवर आलेला खार गोळा करत. नदीची रेती धुऊन वाळवत. रेती आणि खार एकत्र करून एकदा भाजायचे, भाजलेले ढेकूळ कुटायचे, धुवायचे आणि मग बाभळीच्या जाळावर वितळवायचे. अशी काच व्हायची. तांबे घातले तर निळी आणि काहीच घातले नाही तर हिरवट, कारण इथल्या रेतीत लोखंडाचा अंश आहे.

त्या भट्टीवाल्यांत दोन भाऊ होते. थोरला मैराळ, धाकटा सटवा. आईबाप पटकीत एकाच आठवड्यात गेले तेव्हा सटवा रांगत होता. मैराळाने त्याला पाठुंगळी बांधून खार गोळा केला, पाठुंगळी बांधूनच भट्टी शिकली. पुढे मैराळाचे लग्न झाले, गिरजा घरात आली, तरी सटवाचे ताट मैराळाच्या ताटाला लागूनच असे.

मण्यांचे काम एका माणसाचे नाही. एकाने तापलेल्या काचेचा गोळा पोकळ लोखंडी नळीवर फिरवत ठेवायचा. दुसऱ्याने त्या गोळ्याचे टोक आकड्यात धरून मागे मागे पळायचे. पळता पळता काचेची सुतासारखी बारीक पोकळ दोरी ओढली जाते आणि ती निवली की तोडून तिचे मणी करतात. फिरवणारा चुकला तर दोरी तुटते, ओढणारा चुकला तर जाड होते. मैराळ फिरवायचा, सटवा ओढायचा. दोघे कधी एकमेकांना हाक मारत नसत. सटवाची टाच उचलली गेली की मैराळाच्या मनगटाला ते कळायचे.

सटवाचा हात चांगला होता, पण त्याला दम नव्हता. काचेचे काम झाले की भट्टीचे तोंड मातीने लिंपून टाकतात. याला इथे भट्टी निजवणे म्हणत. निजलेली भट्टी आपली आपण निवली पाहिजे. लिंपणावर तळहात ठेवावा आणि तो गार लागला तरच माती फोडावी. घाई केली की काच वरून धड दिसते आणि दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या तडकते. सटवाने एकदा बांगड्यांची भट्टी अशीच लवकर फोडली होती. सगळ्या बांगड्यांचे तुकडे झाले. मैराळ ओरडला नाही. तो एक तुकडा बोटाच्या टोकावर ठेवून म्हणाला, “झकास झालं लेका. आता ह्या मुंगळ्याच्या बायकोले भर.” गिरजा आठवडाभर त्यावरून दिराला चिडवत होती. “भाऊजी, मुंगीनं किती नग सांगितले?”

मैराळाला एका गोष्टीचा ध्यास होता. इथल्या काचेतून पलीकडचे दिसत नसे. पेठेतला एक व्यापारी एकदा म्हणाला होता की तुमच्या काचेतून पाहिले तर समोरचा माणूस डोहात बुडालेला दिसतो. तेव्हापासून मैराळाला पाण्यासारखी काच करायची होती. त्यासाठी लोखंडाचा अंश नसलेली रेती हवी. ती त्याला नदीच्या पलीकडच्या उंच दरडीच्या पोटात सापडली. मैद्यासारखी पांढरी रेती, पण दरडीत आत शिरून काढावी लागे. त्याने टोपल्या टोपल्या आणली, खाराबरोबर भाजली, कुटली. ढीग झाला. आता शेवटच्या दोन टोपल्या हव्या होत्या.

त्या दिवशी मैराळ दरडीत कमरेपर्यंत आत शिरून खरवडत होता आणि सटवा वर काठावर बैल घेऊन उभा होता. आतून मैराळाचा आवाज आला, “सटव्या, उजेड कायले अडवून राह्यला? एक बैल आहे ना उभा, तू कायले उभा? सरक तिकडे.”

सटवा हसला आणि सरकला. आणि दरड बसली.

ती त्याच्या पायाने सुटली की आपसूक, हे कोणाला माहीत नाही. सटवाला माहीत होते असे म्हणतात.

त्याने हातांनी उकरले. बोटांची नखे निघाली तरी उकरत राहिला. लोक येईपर्यंत त्याने भावाला छातीपर्यंत मोकळे केले होते. मैराळाचे तोंड उघडे होते आणि पांढऱ्या रेतीने गच्च भरलेले होते. सटवा बोट घालून रेती काढत होता. काढावी तितकी आतून येत होती. शेवटी भट्टीवाल्यांतले सगळ्यांत वडीलधारे भिवाकाका पुढे झाले आणि त्यांनी सटवाचा हात धरून बाजूला घेतला.

मैराळाला नदीकाठी अग्नी दिला. सटवा रडला नाही. राख निवेपर्यंत तो तिथेच बसून होता. लोक म्हणाले, बसू द्या. भाऊ आहे. कोणी त्याला उठवले नाही, आणि तीच चूक झाली असे आबा सांगतात.

राख सावडायला तिसऱ्या दिवशी गिरजा, भिवाकाका आणि चार माणसे सकाळी नदीकाठी गेली. तिथे काहीच नव्हते. जमीन झाडून काढलेली होती, खार गोळा करताना झाडतात तशी, एक कणही मागे न ठेवता. माळावर मात्र धूर दिसत होता.

सगळे माळावर गेले. मैराळाची भट्टी पेटलेली होती. शेजारचा कुटलेल्या मालाचा ढीग नाहीसा झाला होता. सटवा हातात लोखंडी कांब घेऊन तोंडाशी उभा होता.

गिरजा म्हणाली, “भाऊजी, नदीकाठी काहीच नाही. यायची राख कोणं नेली?”

“मी.”

“कुठं आहे?”

सटवाने भट्टीकडे बोट केले.

भिवाकाकांनी डोक्यावरचे मुंडासे काढले. “अबे येड्या! माणसाची राख पाण्यात सोडतात. तो काय खार आहे, भट्टीत टाकायले?”

“काका, काच कशाची होते?” सटवा म्हणाला. “रेतीची आन् खाराची. राखही खारच. त्याले रेतीनंच नेलं ना? ती रेतीही आत आहे आन् राखही आत आहे. दोन्ही मिळून काच झाली पाहिजे. पाण्यासारखी. त्यालेच करायची होती. तिच्यातून मले तो दिसेल.”

“आन् नाही दिसला तर?”

“दिसेल.”

काकांबरोबरच्या एकाने पाण्याची घागर उचलली. काकांनी त्याला थांबवले. पेटत्या भट्टीवर पाणी टाकले तर भट्टी फुटते आणि दहा हातांवरचा माणूस मरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते. आणि सटवाच्या हातात कांब होती. त्याच्या डोळ्यांकडे पाहून कोणी पुढे होईना.

तेव्हा गिरजा म्हणाली, “राहू द्या काका.”

ती का म्हणाली, याबद्दल दोन गोष्टी सांगतात. काही म्हणतात ती दिराला भ्यायली. काही म्हणतात तिलाही पाहायचे होते.

ते खरे असावे. कारण त्या दिवसापासून बाभळीची लाकडे तीच आणून टाकत होती. नवीन विधवा, जिने घराच्या कोपऱ्यात बसायचे, ती डोक्यावर मोळी घेऊन माळ चढते, हे गावाला पाहवेना. बायकांनी तिच्याशी बोलणे सोडले. पाणवठ्यावर तिची घागर बाजूला सारली. सटवा जाळ घालायचा, ती लाकूड द्यायची. दोघांना तहान लागली की एकाच गाडग्यातले खारट पाणी प्यायची. एकदा सटवा अर्धवट झोपेत म्हणाला, “दादा, फिरव ना. थांबला कायले?” आणि गिरजाने जळते लाकूड नुसतेच पुढे सरकवले.

माल वितळला. भट्टीच्या अंगाला पाहायला एक भोक ठेवलेले असते. एका सकाळी सटवाने त्याचे झाकण सरकवून आत पाहिले आणि ओरडला, “वहिनी, या! आला दादा!”

आतली काच हिरवी नव्हती. निळी नव्हती. लाल उजेडात ती अगदी स्वच्छ दिसत होती, तळ दिसावा अशी. या माळावर तशी काच त्याआधी कोणी पाहिली नव्हती आणि नंतरही कोणी पाहिली नाही. आणि तिच्या तळाशी मैराळ उताणा निजला होता म्हणे. त्याचे कपाळ, त्याच्या डाव्या भुवईवरची भाजल्याची जुनी खूण, सगळे दिसत होते.

गिरजाने भोकाला डोळा लावला. धगीने तिच्या पापण्या जळल्या तरी तिने डोळा काढला नाही. बराच वेळ ती पाहत राहिली. मग वळून तिने विचारले, “भाऊजी, तुम्ही त्यायचं तोंड पाह्यलं?”

“पाह्यलं ना.”

“नीट पाह्यलं?”

सटवाने भोकाचे झाकण हातात घेतले.

“उघडं आहे ते,” गिरजा म्हणाली. “रेती आहे आत. अजून आहे. ते काही बोलून राह्यले भाऊजी, आन् रेतीनं त्यायचा आवाज निघत नाही.”

सटवाने ते आधीच पाहिले होते. त्याने तिला सांगितले नव्हते, एवढेच. तो म्हणाला, “निवलं की जाईल ते.”

“नाही गेलं तर जलमभर असंच राहील? तोंड वासून?”

“वहिनी, निवू द्या ना!”

हे बोलणारा सटवा होता. ज्याला कधी भट्टी निवेपर्यंत दम धरवला नाही, तो सटवा. त्याने चिखल कालवला, भट्टीचे तोंड लिंपले आणि भट्टी निजवली. तो दहाव्याचा आदला दिवस होता. एवढी मोठी लादी निवायला पुरता महिना लागला असता.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. राख पाण्यात गेलेली नव्हती, तरी भिवाकाकांनी विधी थांबवला नाही. ते म्हणाले, निदान पिंड तरी मिळू दे त्याला. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. म्हणून एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. भिवाकाका म्हणाले, “मैराळ, तुही भट्टी आम्ही पडू देणार नाही.” कावळा हलला नाही. गिरजा म्हणाली, “मी भाऊजीले उपाशी ठेवणार नाही. पोरासारखं सांभाळीन.” कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर आले. भात वाळून त्याला भेगा पडल्या. सटवा जरा लांब उभा होता. त्याला कोणी पुढे ये म्हटले नव्हते.

गर्दीत काशाई नावाची एक म्हातारी होती. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसे. ती म्हणाली, “कावळा येईल कसा बाई? मेलेला सुटलाच कुठं? त्याले तर भावानं कोंडला. वरून माती लिंपली. एकदा रेतीत पुरला होता, आता दुसऱ्यांदा पुरला.”

ते ऐकले आणि सटवा पळत सुटला.

त्याच्या मनात काय होते हे गाव आजही सांगते. त्याला काच पाहायची नव्हती. भावाला बाहेर काढायचे होते. दरडीखालून काढताना उशीर झाला होता, तसा उशीर त्याला आता होऊ द्यायचा नव्हता. भिवाकाका मागून धापा टाकत ओरडत होते, “सटव्या, फोडू नोको! हवा लागू देऊ नोको! थांब रे पोरा, थांब!” त्याने कांब उचलली आणि लिंपण फोडले. मग भट्टीची पुढची भिंतच पाडली.

वारा आत शिरला.

काच अजून स्वच्छ होती. मैराळ दिसत होता, भर दुपारच्या उजेडात, सगळ्यांना दिसत होता. असे सांगतात की भट्टीपाशी पोचलेल्या प्रत्येकाने त्याला पाहिले. मग लादीच्या कडांकडून पांढरेपणा चढू लागला. तापल्या दुधावर साय धरावी तसा तो पायांवरून गुडघ्यांवर आला, पोटावर आला. हाडाची राख काचेत गेली की काच तापलेली असेपर्यंत पाण्यासारखी दिसते आणि निवता निवता आंधळी होते. हे इथल्या कोणाला माहीत नव्हते. कोणी कधी असे केलेच नव्हते. सटवा “दादा, दादा” म्हणत होता. पांढरेपणा गळ्याशी आला, डोळ्यांवर आला. सगळ्यांत शेवटी ते उघडे तोंड झाकले गेले.

आणि मग लादी तडकली. छातीच्या जागी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तो आवाज नदीपर्यंत गेला आणि बाभळीवरचे सगळे कावळे उडाले.

सटवाने भट्टीत हात घातले. फडके नाही, चिमटा नाही. तड्यातून सुटलेला एक तुकडा त्याने दोन्ही हातांत उचलला आणि नदीकडे धावला. मांसाचा वास सुटला होता. लोक बाजूला झाले. माळ उतरताना तो दोनदा पडला, पण तुकडा त्याच्या हातून पडला नाही, कारण तो हाताला चिकटला होता. नदीत गुडघाभर शिरून त्याने हात पाण्यात बुडवले. चर्र झाले, वाफ उठली आणि तुकडा फुटून त्याचे पीठ झाले. ते पांढरे पीठ पाण्यावर पसरले आणि धारेबरोबर निघून गेले.

तेव्हा एक कावळा उतरला. त्याने पिंडाला एकदा चोच लावली. एकदाच. दाणा चोचीत घेतला आणि उडून गेला.

भिवाकाकांनी हात जोडले. “सुटला,” ते म्हणाले. “सुटला रे माहा मैराळ.” बायका रडू लागल्या. इतके दिवस दाबून ठेवलेले सगळे रडून घेतले.

गिरजा रडली नाही. ती माळाकडे पाहत होती. “एवढेच सुटले काका,” ती म्हणाली. “बाकीचे तिथंच आहेत.”

दुसऱ्या दिवशी माणसांनी घण नेऊन लादी फोडायचा प्रयत्न केला. कडेचे दोन-तीन तुकडे निघाले. ते नदीत टाकले, पण आता ते थंड होते, फुटले नाहीत. तळाशी पडून राहिले आणि पाण्यातून पांढरे दिसत राहिले. बायकांना पाणी भरवेना. पावसाळ्यात पूर आला आणि ओसरताना त्याने ते तुकडे पुन्हा काठावर आणून टाकले. भिवाकाका ते उचलून परत माळावर घेऊन गेले आणि लादीपाशी ठेवले. काच पाण्यात विरघळत नाही. राखेला नदी घेते, रेतीला घेते, काचेला घेत नाही.

सटवाचे हात वाचले, पण बोटे एकमेकांना जुळून गेली. पळीसारखे झाले हात. काचेची दोरी त्याने पुन्हा कधी ओढली नाही. तसेही फिरवणारे कोणी नव्हते. गिरजा त्याला भरवायची. पहिल्या दिवशी तो तोंड उघडेना. ती म्हणाली, “उघडा तोंड. दोघांची तोंडं मी पाहू शकत नाही भाऊजी. एकाचं उघडं आन् एकाचं मिटलेलं.” तेव्हा त्याने घास घेतला आणि तेव्हाच तो पहिल्यांदा रडला. घास तोंडातच राहिला आणि तो बैल हंबरावा तसा रडत राहिला, शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले.

हात भरून आल्यावर एक दिवस तो उठून माळावर गेला. दोन पळ्यांत एक गोटा धरला आणि लादीवर घासू लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घासले तेव्हा चिमूटभर पांढरी भुकटी निघाली. ती त्याला उचलता येईना. गिरजाने ती पदरात भरली, नदीपर्यंत नेली आणि पाण्याच्या कडेला त्याच्या तळहातांवर ओतली. त्याने हात बुडवले. भुकटी गेली. काच गेली नव्हती, पण भुकटी गेली.

मग रोजचेच झाले. ऊन असो, थंडी असो, सटवा घासायचा आणि गिरजा पदर धरायची. गावाने आधी वेडा म्हटले. मग म्हणायचे सोडून दिले. मग कोणी कोणी येता-जाता बसून दोन हात घासू लागले. काशाई म्हातारीही येऊन बसली, एक शब्द न बोलता. दुसऱ्या भट्ट्या हळूहळू विझल्या. कोणाला त्या माळावर जाळ घालावासा वाटेना. लोक शेतीला लागले, कोणी गाव सोडून गेले. सटवाचे केस पिकले. लादीला एक खळगा पडला, ओंजळभर खोल. जन्मभर घासून एवढेच झाले होते.

सटवा वारला तेव्हा गिरजा खूप म्हातारी झाली होती. त्याची राख घ्यायला त्याला भाऊ नव्हता. ती गावाला म्हणाली, “सख्ख्या भावाच्या हाती भावाची राख देत जाऊ नोका. त्याच्याच्यानं सोडणं होत नाही. दुसरे चार जण सोडतील.” लोक माना डोलावून उठू लागले. तिने त्यांना थांबवले. “आन् त्याले रिकाम्या हातानंही नदीवर नेऊ नोका. रिकामे हात कुठंही शिरतात.”

तेव्हापासून पांढरभट्टीत रीत पडली. आजही गावात कोणी वारले आणि त्याला भाऊ असला, तर सावडायला भावाला नेत नाहीत. शेजारचे जातात. भावाला माळावर आणतात, त्याच्या हातात गोटा देतात आणि या लादीपाशी बसवतात. त्याने घासायचे. रडायचे तर रडत, शिव्या द्यायच्या तर शिव्या देत. राखेचे मडके नदीकडे निघाले की त्यानेही आपल्या हातची भुकटी घेऊन मागून चालायचे. त्याचा भाऊ दुसऱ्याच्या हातात असतो आणि कोण कुठल्या काळाचा मैराळ त्याच्या हातात असतो. पाण्याशी दोन्ही बरोबर सोडतात.

पुंजाजी आबांचे सांगणे इथे संपते. पाहुणे उठतात, धोतर-पँट झटकतात. परवाच्या पाहुण्यांत एकाने विचारले की एवढी लादी संपायला किती पिढ्या लागतील. आबा म्हणाले, मोजले नाही बाप्पा कोणी.

खड्ड्यात त्या वेळी गावातला एक तरुण बसलेला होता. त्याचा थोरला भाऊ चार दिवसांपूर्वी ट्रॅक्टरखाली गेला. भावाची राख कालच नदीत सोडून झाली होती आणि त्याच्या हातची भुकटीही गेली होती. रीत पुरी झाली होती. तरी तो सकाळपासून पुन्हा येऊन बसला होता, शर्ट काढून, दोन्ही हातांनी गोटा दाबून घासत होता. बोटे सोलून लादीवर लाल ओघळ आले होते. पाहुण्यांकडे त्याने मान वर करून पाहिले नाही.

आबा काठी टेकत खाली उतरले. त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“पुरे कर लेका,” ते म्हणाले. “पुढच्यासाठी राहू दे थोडा.”